जैसलमेरची थंडी, तंबूतली रात्र आणि बादलीभर पाणी

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो, तोच घराघरांत हिवाळ्याच्या सहलीचे बेत सुरू होतात. महाबळेश्वर झालेलं असतं, गोवा दोनदा झालेला असतो आणि मुलांना काहीतरी वेगळं हवं असतं. अशा वेळी हल्ली हमखास एक नाव पुढे येतं, ते म्हणजे जैसलमेर. राजस्थानच्या पश्चिम टोकाला, थरच्या वाळवंटात वसलेलं हे पिवळ्या दगडाचं गाव. उंटावर बसायचं, वाळूच्या टेकडीवरून सूर्यास्त बघायचा, रात्री शेकोटीभोवती गाणी ऐकायची आणि तंबूत झोपायचं. ऐकूनच मन हरखतं, नाही का?

आम्ही राहतो शेलूला, नेरळच्या अलीकडच्या स्टेशनावर. तंबूंची आम्हांला तशी नवलाई नाही. पावसाळा संपला की शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी आमच्याच तालुक्यात नदीकाठी तंबू ठोकून राहायला येतात. तरीही आम्ही पाच जणांनी, म्हणजे हे, मी, दोन मुलं आणि सासूबाई, संक्रांतीला जोडून रजा काढली आणि जैसलमेर गाठलं. किल्ला, हवेल्या, वाळू सगळं पाहिलं. त्याचं वर्णन पुढे येईलच. पण मैत्रिणींनो, संसार करणाऱ्या बाईने हे गाव आणखी एका कारणासाठी पाहावं असं मला वाटतं, आणि ते कारण म्हणजे पाणी. आपल्यासारखे पाहुणे तिथे जाऊन किती पाणी वापरतात यावर त्या सुंदर गावाचं बरंचसं भवितव्य अवलंबून आहे. म्हणून सहलीची माहिती देता देता तेही सांगते.

कधी जावं, कसं जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा मोसम. दिवसा तेवीस-चोवीस अंशांचं छान ऊन असतं, पण सूर्य कलला की पारा झपाट्याने उतरतो आणि पहाटे सात-आठ अंशांवर येतो. एखाद्या वर्षी दोन-तीन अंशांपर्यंतही जातो. मी शाळेत मुलांना भूगोल शिकवते, त्यामुळे याचं कारण माझ्या मुलीने तिथेच विचारलं. हवेत बाष्प नाही, आभाळात ढग नाहीत, म्हणजे जमिनीला रात्री पांघरूणच नाही. दिवसा तापलेली वाळू आपली ऊब भराभर सोडून देते. आपल्या कोकणपट्टीत दिवस-रात्रीच्या तापमानात इतका फरक आपण कधी अनुभवत नाही, म्हणून आपली तयारी कमी पडते.

नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा शक्यतो टाळावा. गर्दी फार, आणि खोल्यांचे, तंबूंचे दर चढलेले असतात. डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीचा दुसरा आठवडा उत्तम. माघी पौर्णिमेला जोडून तीन दिवस तिथे मरू महोत्सव भरतो. हौस असेल तर तेव्हा जावं, पण राहण्याची सोय फार आधी करावी लागते.

आम्ही शेलूहून लोकलने दादर, तिथून वांद्रे टर्मिनस, आणि वांद्र्याहून रात्रभराच्या गाडीने जोधपूर असे गेलो. जोधपूरहून जैसलमेर आगगाडीने पाच-सहा तासांवर आहे. या शेवटच्या टप्प्यात मुलांना खिडकीजवळ बसवा. हिरवळ विरळ होत जाते, माती पिवळी होते, आणि मग रानात एकच झाड पुन्हा पुन्हा दिसू लागतं. ते खेजडीचं झाड. सासूबाईंनी ते बघताक्षणी ओळखलं. "अगं, ही तर शमी!" खरंच, आपण दसऱ्याला जिची पूजा करतो तीच ही. या झाडांसाठी १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवी आणि तिच्याबरोबर एकंदर ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. झाडाला मिठी मारून उभी राहिलेली पहिली व्यक्ती एक गृहिणी होती, हे मुलींना आवर्जून सांगावं.

घडीसर आणि टिलोंची वेस

पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो. तेव्हा लांब जाऊ नये. संध्याकाळी घडीसर तलावावर जावं. चौदाव्या शतकात रावळ घडसी याच्या काळात हा तलाव बांधून काढला गेला. पावसाचं पाणी जिथून वाहत तलावात येतं त्या सगळ्या उताराला तिकडे 'आगोर' म्हणतात, आणि ती जमीन देवघरासारखी स्वच्छ ठेवायची अशी पूर्वीची शिस्त होती. वर्षानुवर्षं सारं गाव याच पाण्यावर जगलं. आता कालव्याचं पाणी आलं, घरोघरी नळ आले, आणि घडीसर बोटिंगची जागा झाली.

तलावाच्या तोंडाशी एक देखणी वेस आहे, तिला 'टिलों की पोल' म्हणतात. तिची गोष्ट तिथला प्रत्येक नावाडी सांगतो. टिलों ही एक गणिका. तिने स्वतःच्या पैशाने ही वेस बांधायला घेतली. तेव्हा राजघराण्यातल्या लोकांनी आक्षेप घेतला, की अशा बाईने बांधलेल्या दारातून आम्ही पाण्याला जायचं की काय? टिलोंने रातोरात वेशीच्या माथ्यावर देवाचं मंदिर उभं केलं. आता पाडणार कशी? वेस टिकली, तिचं नावही टिकलं. गोष्ट किती खरी ते देव जाणे, पण पाण्याची वाट बांधावी असं त्या बाईला वाटलं आणि गाव अजून तिचं नाव घेतं, हे मला आवडलं.

हवेल्या

दुसऱ्या दिवशी सकाळी हवेल्या पाहाव्यात. पटवांची हवेली म्हणजे एकाला एक लागून असलेल्या पाच हवेल्या. गुमानचंद पटवा या व्यापाऱ्याने आपल्या पाच मुलांसाठी १८०५ च्या सुमारास त्या बांधायला सुरुवात केली, आणि सगळं काम पुरं व्हायला पन्नासएक वर्षं लागली. दगडावर इतकं नाजूक कोरीवकाम आहे की क्रोशाच्या विणकामाची आठवण व्हावी. नथमलची हवेली दोघा भावांनी कोरली. एकाने डावी बाजू, दुसऱ्याने उजवी. लांबून दोन्ही सारख्या दिसतात, जवळ जाऊन पाहिलं की एकही नक्षी जुळत नाही. मुलांना हा फरक शोधायला लावा, तासभर छान जातो.

एवढा पैसा वाळवंटात आला कुठून? उंटांच्या तांड्यांवरून चालणाऱ्या व्यापारातून. सिंधकडे जाणारा रस्ता इथून जायचा. पुढे आपलं मुंबई बंदर भरभराटीला आलं, माल समुद्रमार्गे जाऊ लागला, तसा हा व्यापार बसला. १९४७ च्या फाळणीने उरलासुरला रस्ताही बंद झाला. मग सत्यजित राय यांचा १९७४ चा 'सोनार केल्ला' हा चित्रपट आला आणि बंगाली पर्यटकांची रीघ लागली. हळूहळू पाहुणे हाच या गावाचा मोठा धंदा झाला.

किल्ला, आणि त्याच्या पोटात मुरणारं पाणी

रावळ जैसल याने ११५६ साली लोदुर्व्याची राजधानी सोडून हा किल्ला बांधला. सुमारे अडीचशे फूट उंचीची त्रिकूट टेकडी, तिच्या भोवती ९९ बुरूज. चार वेशी ओलांडत वर गेलं की राजवाडा आणि चौक लागतो. पुढे अरुंद गल्ल्या, जैन मंदिरं, आणि त्या मंदिरांतलं ताडपत्रांवरच्या जुन्या पोथ्यांचं ज्ञानभांडार. मंदिरं सकाळच्या वेळात पाहावीत; आत चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत, तेव्हा पट्टा आणि पाकीट आधीच काढून ठेवावं.

आपल्याकडचे किल्ले बहुतेक ओसाड. पन्हाळ्यासारखा एखादा सोडला तर गडावर संसार दिसत नाहीत. इथे मात्र अजून काही हजार माणसं किल्ल्यातच राहतात. दारात रांगोळी, कठड्यावर वाळत घातलेले पापड, गल्लीत खेळणारी पोरं, आणि भिंतीवर रंगवलेली लग्नाची निमंत्रणं. गणपतीचं चित्र काढून खाली नवरानवरीची नावं आणि तिथी लिहायची अशी तिथली रीत आहे. सासूबाई तर त्या निमंत्रणांपुढून हलेनात.

पण हाच जिता-जागता किल्ला आजारी आहे. त्याचं दुखणं कोणाही गृहिणीला चटकन समजेल, कारण ते मोरीच्या गळतीचंच दुखणं आहे. किल्ला बांधला तेव्हा आत काही विहिरी होत्या, बाकीचं पाणी बायका घडीसरहून डोक्यावर आणत. जे पाणी अडीचशे फूट चढून आणायचं, ते कोणी सांडत नाही. भांडी राखेने किंवा वाळूने घासायची, अंघोळीचं पाणी झाडाला किंवा जनावराला. जमिनीत मुरेल इतकं पाणी उरतच नव्हतं. दगडसुद्धा बहुतेक चुन्याशिवाय, खाचा आणि लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले.

नंतर नळ आले. मग पाहुणे आले, त्यांच्यासाठी घरांची हॉटेलं झाली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आणि संडास आला. जुन्या मोऱ्यांना एवढं पाणी पेललं नाही. ते टेकडीच्या पोटात मुरू लागलं. ती टेकडी काही आपल्या सह्याद्रीसारखी काळ्या कातळाची नाही. मऊ वालुकाश्म, चिकणमाती, वाळू यांचे थर आहेत. ते भिजले की वरचं ओझं सरकतं. १९९० च्या दशकात काही बुरूज ढासळले. १९९६ साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत जैसलमेरचा किल्ला घातला, आणि पुढे १९९८ आणि २००० मध्येही तो यादीत राहिला. त्यानंतर मोऱ्या आणि भिंती दुरुस्त करण्याची कामं झाली. २०१३ साली राजस्थानच्या इतर पाच किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. तरीही २०२४ च्या ऑगस्टमधल्या मोठ्या पावसात तटाचा एक भाग कोसळलाच.

म्हणूनच सांगते, किल्ला दिवसभर पाहा, पण मुक्काम खाली गावात करा. खालच्या हॉटेलांच्या गच्चीवरून किल्ला जास्त चांगला दिसतो, सामान घेऊन चढावं लागत नाही, आणि वयस्कर माणसांचे पायही वाचतात.

यालाही दुसरी बाजू आहे, तीही सांगायला हवी. किल्ल्यात एका घराच्या ओट्यावर आम्ही चहा घेतला. घरच्या बाई साधारण माझ्याच वयाच्या. त्यांच्या दोन खोल्या पाहुण्यांना देण्यासाठी आहेत. मी पाण्याचा विषय काढला तेव्हा त्या जरा दुखावल्या. "दीदी, ज्यांचं सात पिढ्यांचं घर इथे आहे त्यांनी काय करायचं? किल्ला वाचवायला आम्ही उपाशी राहायचं?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. आमच्या सासूबाईच म्हणाल्या, "बाई, चहा प्यायला आम्ही वर येऊ, ओढण्या तुझ्याकडूनच घेऊ. फक्त अंघोळ तेवढी खाली करू." त्या बाई खळखळून हसल्या. थट्टेत म्हटलं खरं, पण त्यात मार्ग आहे. जेवण, खरेदी, वाटाड्या हे सगळं किल्ल्यातल्या माणसांकडून घ्यावं, म्हणजे त्यांची कमाई बुडत नाही. अंघोळ आणि धुणं एवढं वर टाळलं तरी पुष्कळ झालं.

थेंब साठवणारी माणसं

जैसलमेरला वर्षाचा पाऊस जेमतेम दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. आमच्या कर्जत तालुक्यात तो तीन हजारांच्या वर. आमच्याकडे जुलैच्या एखाद्या दिवशी जेवढा कोसळतो तेवढा त्यांना अख्ख्या वर्षात. आणि तरी एप्रिल-मे आला की आमच्याच डोंगरउतारावरच्या वाड्यांतून बायका हंडा-कळशी घेऊन वणवण हिंडतात, नव्या इमारतींना टँकर मागवावे लागतात. मग दोनशे मिलिमीटरवर आठशे वर्षं गाव नांदलं कसं?

तिसऱ्या दिवशी वाळूकडे जाताना वाटेत कुलधरा पाहिलं, तेव्हा याचं उत्तर थोडं मिळालं. हे पालीवाल ब्राह्मणांचं गाव, आता पूर्ण ओसाड. दिवाण सालमसिंगच्या जाचाला कंटाळून चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठून गेली, जाताना शाप देऊन गेली, अशी कथा वाटाडे रंगवून सांगतात. अभ्यासक आटत गेलेलं पाणी, जबर करभार अशी कारणं देतात. मुलांना भुतांच्या गोष्टी आवडल्या. मला आवडलं ते त्या लोकांचं शेत, ज्याला 'खडीन' म्हणतात. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी खाली मातीचा लांब बांध घालून अडवायचं, ते जमिनीत जिरू द्यायचं, आणि हिवाळ्यात त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. विहीर नाही, पाट नाही. आमच्याकडे भात काढल्यावर वाल पेरतात ना, उरलेल्या ओलीवर? तीच युक्ती, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर.

तिकडच्या लोकभाषेत पाण्याची तीन नावं आहेत. पावसाचं थेट साठवलेलं ते 'पालर'. खोल विहिरीचं, बहुधा खारट, ते 'पाताळ'. आणि या दोघांच्या मधलं ते 'रेजाणी'. काही ठिकाणी वाळूखाली खडियाचा म्हणजे जिप्समसारखा थर असतो, त्यामुळे मुरलेलं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. वरच्या वाळूत ओलीच्या रूपाने अडकून राहतं. तिथे अरुंद कुई खणायची. तिच्या तळाशी रात्रभरात थेंब थेंब झिरपून दोन-तीन घागरी गोड पाणी जमतं. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूंदें' या पुस्तकात हे फार सुरेख सांगितलं आहे. हिंदी साधी आहे, घरी मुलांसह वाचण्यासारखं पुस्तक.

पंजाबातल्या हरिकेपासून निघणारा इंदिरा गांधी कालवा १९८० च्या दशकात जैसलमेर जिल्ह्यापर्यंत आला, आणि बरंच चित्र पालटलं. पण आलेलं पाणी शेकडो किलोमीटर चालून येतं, हे नळ उघडताना कोणाच्या लक्षात राहतं?

तंबूतली रात्र

वाळूच्या टेकड्या पाहायच्या त्या बहुतेक सम या गावाजवळ, शहरापासून चाळीसएक किलोमीटरवर. दक्षिणेकडे खुरी नावाचं गाव आहे, तिथे गर्दी कमी. वयस्कर माणसं बरोबर असतील किंवा शांतता हवी असेल तर खुरीचा विचार जरूर करावा.

उंटावर बसताना साडी नको, सलवार-कमीज बरी. उंट आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे आपण एकदम पुढे झोकले जातो. उठताना आणि बसताना दोन्ही वेळा खोगिराचा दांडा घट्ट धरून मागे रेलावं. जीपगाडीतून वाळूवर उड्या मारत नेण्याचा प्रकारही असतो. कंबरदुखी असलेल्यांनी आणि लहान मुलांच्या आयांनी त्याला सरळ नाही म्हणावं. सूर्यास्त बघायला वाळूत जरा आत चालत गेलात, तर कागद-बाटल्यांचा पसारा मागे पडतो आणि वाऱ्याने उमटवलेल्या लाटा दिसू लागतात. आमच्या मुलांनी पुढचा तासभर तोंडातून शब्द काढला नाही, यावरून काय ते समजा!

रात्री शेकोटीजवळ मांगणियार कलावंत आले. ही मंडळी मुसलमान, पण पिढ्यान्‌पिढ्या राजपूत यजमानांच्या घरी बारशाला आणि लग्नाला गाणारी. कमायचा हे त्यांचं तंतुवाद्य आणि लाकडी पट्ट्यांचं खडताल ऐकताना अंगावर शहारा येतो. कालबेलिया नृत्यही झालं. २०१० साली युनेस्कोने या कलेला अमूर्त वारशात स्थान दिलं आहे. पण दहा वाजता ध्वनिक्षेपकावर सिनेमातली गाणी सुरू झाली आणि बारापर्यंत थांबेनात. सासूबाईंनी कानटोपी ओढून घेतली, धाकटा रडकुंडीला आला. तंबू ठरवतानाच हे विचारून घ्यायला हवं.

या कर्कश आवाजाचा आणखी एक त्रास आहे. सम हे डेझर्ट नॅशनल पार्कच्या परिसरात येतं, आणि तिथे गोडावण म्हणजे आपला माळढोक राहतो. सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं आणि जो आता तिथे दिसणं दुर्मीळ झालं आहे, तोच हा पक्षी. जगात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपासच असावेत, आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरकडे. २०१९ पासून सम येथे त्यांची अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र सुरू आहे. अशा पाहुण्याच्या घराशेजारी आपण मध्यरात्री ढणढणाट करावा का, याचा विचार व्हावा.

आता तंबूतल्या पाण्याविषयी. हल्ली तंबू म्हणजे जवळजवळ पक्की खोली. पलंग, दिवा, जोडलेलं न्हाणीघर. काही ठिकाणी पोहण्याचा तलावसुद्धा! आमच्या तंबूला टँकरने पाणी येत होतं. सकाळी पोऱ्याने विचारलं, "साब, शॉवर चालू करू की बादली आणू?" आम्ही बादल्याच मागवल्या. साधा शॉवर दहा मिनिटं चालला की शंभरएक लिटर पाणी सहज जातं. बादली वीस लिटरची. पाच माणसांचा हिशेब तुम्हीच करा. आणि खरं सांगू का, त्या थंडीत कढत पाण्याची बादली जितकं सुख देते तितकं कोमट शॉवर देत नाही.

खाणं आणि खरेदी

बाजरीची भाकरी, कढी, गट्ट्याची भाजी, दाल-बाटी हे तर खायचंच. घोटुआ लाडू ही जैसलमेरची खास मिठाई. पण गृहिणींनी शिकून घ्यावी ती केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, केर म्हणजे एका काटेरी झुडपाची बोराएवढी फळं. मोसमात बायका ती वाळवून ठेवतात आणि वर्षभर भाजीची ददात राहत नाही. बाजारात दोन्ही वाळवलेली मिळतात. थोडी महाग वाटतात, पण भिजली की दुपटी-तिपटीने फुगतात.

कृती अशी: एक वाटी सांगरी स्वच्छ धुऊन रात्रभर पाण्यात भिजवा. पाव वाटी केर ताकात भिजवा, म्हणजे कडवटपणा जातो. सकाळी दोन्ही धुऊन मऊ होईपर्यंत शिजवा, पाणी निथळून घ्या. जरा सढळ तेलात जिरं, ओवा, हिंग, सुक्या मिरच्या यांची फोडणी करा. हळद, तिखट, धनेपूड आणि दोन चमचे दही घालून मसाला परता, त्यात भाजी टाका, शेवटी आमचूर आणि चार बेदाणे. ही भाजी दोन दिवस टिकते, म्हणून परतीच्या प्रवासाला पुऱ्यांबरोबर उत्तम.

खरेदीत 'रल्ली' जरूर पाहा. जुन्या कापडाचे रंगीत तुकडे जोडून शिवलेली ती तिकडची गोधडीच. हाबूर गावच्या पिवळ्या दगडाच्या वाट्याही मिळतात. त्यात दूध ठेवलं की विरजणाशिवाय दही लागतं असं दुकानदार सांगतात. आम्ही मात्र वाटी तिच्या रंगासाठी घेतली.

जाण्यापूर्वी ही यादी डोळ्यांखालून घाला

• प्रत्येकी एक जाड स्वेटर, कानटोपी, लोकरी मोजे; लहानांना आणि वयस्करांना आतून घालायची उबदार बंडी. एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे, दिवसा एकेक काढता येतात.

• गरम पाण्याची रबरी पिशवी. झोपण्यापूर्वी पांघरुणात ठेवली की अंथरूण ऊबदार होतं. सासूबाईंची रात्र तिच्यावरच निभावली.

• हवा कोरडी असल्याने ओठ आणि टाचा फुटतात. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन विसरू नका. दम्याचा त्रास असेल तर औषध हाताशी ठेवा, वाळूने त्रास वाढतो.

• विजेरी, सगळ्यांची ओळखपत्रं, वाळूपासून कॅमेरा आणि मोबाइल जपायला प्लॅस्टिकच्या पिशव्या.

• प्रत्येकाची स्वतःची पाण्याची बाटली. हॉटेलात गाळलेलं पाणी भरून घ्यावं, म्हणजे वाळूत रिकाम्या बाटल्या टाकल्या जात नाहीत.

• तंबू ठरवण्यापूर्वी विचारा: पांघरुणं किती? न्हाणीघर जोडलेलं आहे का? गरम पाणी किती वाजता? उंटाची फेरी पैशांत धरली आहे का? गाणी किती वाजता बंद होतात? आणि पाणी येतं कुठून?

हा शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा माणूस जरा चमकतो. विचारावाच. दहा कुटुंबांनी विचारला तर अकराव्या वेळी त्याच्या फलकावर पोहण्याच्या तलावाऐवजी बादलीची सोय लिहिलेली असेल. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनीही असंच विचारावं असं मला फार वाटतं, कारण भर मे महिन्यात जिथे पावसाच्या कृत्रिम सरींखाली नाच चालतो, तिथून हाकेच्या अंतरावर एखादी बाई झऱ्याशी वाटी-वाटीने हंडा भरत बसलेली असते. पाहुणा आणि यजमान ही नाती गावोगाव उलटसुलट होत असतात.

तेव्हा यंदा जैसलमेरचा बेत असेल तर खुशाल जा. किल्ल्यावर दिवसभर रमा, राहायला खाली या, तंबूत एक रात्र काढा, मांगणियारांना मनापासून बिदागी द्या. आणि अंघोळीला बादली मागा!